ऑपरेटर स्टेशन प्रक्रिया-नियंत्रण सर्व्हरशी जोडताना: साखर कारखान्यातील नव्या अभियंत्यांसाठी

गाळप संपून ऑफ-सीझन सुरू झाला की मिलचे रोलर, पंप आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्या दुरुस्तीसाठी उघडल्या जातात आणि त्याच काळात कंट्रोल रूममधील जुने संगणक बदलण्याचे काम इन्स्ट्रुमेंट खात्याकडे येते. ते संगणकाचे काम समजून बहुधा खात्यातील सर्वांत नव्या अभियंत्याकडे सोपवले जाते. वास्तविक बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी, रसाचा पीएच, पॅनमधील व्हॅक्यूम हे सर्व ऑपरेटरला याच पडद्यावर दिसते आणि तो आकडा ताजा आहे की शिळा हे त्याला पाहताक्षणी कळत नसेल, तर पडद्यावर चित्र उमटले तरी जोडणी पूर्ण झाली असे मी मानत नाही. पुढील पायऱ्या याच कसोटीला धरून मांडल्या आहेत.

उदाहरण म्हणून एक साधी रचना डोळ्यांसमोर ठेवू. बॉयलर, मिल आणि बॉयलिंग हाउस यांचे तीन पीएलसी, म्हणजे यंत्रे प्रत्यक्ष चालवणारे औद्योगिक नियंत्रक, आहेत, त्यांच्याकडून माहिती गोळा करणारे दोन सर्व्हर आहेत, ज्यांपैकी एक चालू आणि दुसरा राखीव असतो, आणि चार ऑपरेटर स्टेशने, म्हणजे ऑपरेटर ज्यांच्या पडद्यावर प्लँट पाहतो आणि चालवतो ते संगणक, आहेत. सर्व संगणक विंडोजवर चालतात. सर्व्हर आणि स्टेशन यांच्यातील बोलणे ओपीसी या प्रमाणित पद्धतीने होते.

कोण कोणाशी बोलते

पहिल्यांदा हे नीट समजून घ्यावे की नियंत्रण सर्व्हरमध्ये होत नाही, ते पीएलसीमध्ये होते. ड्रमची पातळी, वाफेचा प्रवाह आणि फीड वॉटरचा प्रवाह यांचा मेळ घालून कंट्रोल व्हॉल्व्ह किती उघडायचा हे पीएलसी ठरवतो आणि सर्व्हर बंद पडला तरी तो शेवटच्या सेटपॉइंटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या मूल्यावर, काम करत राहतो. सर्व्हर गेल्यावर आंधळा होतो तो ऑपरेटर. म्हणूनच बॉयलरचे ट्रिप आणि इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणाऱ्या किंवा अडवणाऱ्या व्यवस्था), आपत्कालीन बंदचे बटण आणि ड्रमवरचे गेज ग्लास यांपैकी काहीही ऑपरेटर नेटवर्कवर अवलंबून असता कामा नये. तुमच्या आधीच्या कोणी सोयीसाठी पडद्यावरच्या बटणालाच आपत्कालीन बंद मानले असेल, तर जोडणीचे काम थांबवून ती गोष्ट आधी वरिष्ठांच्या नजरेस आणावी.

दुसरी गोष्ट अशी की स्टेशनांनी थेट पीएलसीकडे जाऊ नये. पीएलसी एका वेळी मोजक्याच जोडण्या सांभाळू शकतो. चार स्टेशने आणि एक लॅपटॉप त्याला एकदम प्रश्न विचारू लागले की उत्तरे मंदावतात आणि कधी कधी सर्व्हरचीच जोडणी तुटते. पीएलसीला विचारण्याचे काम एकट्या सर्व्हरने करावे आणि बाकीच्यांनी सर्व्हरला विचारावे.

संगणक उघडण्यापूर्वीचा कागद

नवखे अभियंते ही पायरी टाळतात आणि पुढे आठवडा घालवतात. प्रत्येक यंत्राचे नाव, आयपी पत्ता, ते स्विचच्या कोणत्या पोर्टवर आहे आणि त्यावर कोणते वापरकर्ते आहेत याचा एक तक्ता आधी करावा. नाव १५ अक्षरांच्या आत, रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढ्यांतच बसणारे असावे आणि एकदा ठेवले की बदलू नये, कारण पुढे सुरक्षा प्रमाणपत्रे याच नावावर तयार होतात.

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असतात, एक पीएलसीच्या बाजूचे आणि एक स्टेशनांच्या बाजूचे. दोन्ही बाजूंना वेगळ्या पत्तामालिका द्याव्यात, उदाहरणार्थ पीएलसीकडे १९२.१६८.१०.० आणि स्टेशनांकडे १९२.१६८.२०.०, दोन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. दोन्ही कार्डांवर डिफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याच्या दाराचा पत्ता, लिहिण्याची चूक फार आढळते. तसे केल्यास विंडोज बाहेर जाणारे पॅकेट कधी एका तर कधी दुसऱ्या वाटेने पाठवू पाहते आणि दोष सकाळी दिसतो, दुपारी नाहीसा होतो. गेटवे लागलाच तर तो एकाच कार्डावर द्यावा. पत्ते सर्व यंत्रांना कायमचे नेमून द्यावेत, आपोआप मिळणाऱ्या पत्त्यांवर विसंबू नये.

याच वेळी टॅगची, म्हणजे प्रणालीत प्रत्येक मोजमापाला दिलेल्या नावांची, यादीही तपासावी. वाफेच्या प्रवाहाचा ट्रान्समीटर (मोजमापाचा विद्युत संकेत पाठवणारे उपकरण) ० ते १०० टन प्रति तास असा लावलेला असेल आणि पडद्याच्या जुन्या फाइलमध्ये तोच टॅग ० ते १२० असा असेल, तर जोडणी निर्दोष असूनही आकडा २० टक्के जास्त दिसेल. ट्रान्समीटर, पीएलसी, सर्व्हर आणि पडदा या चारही ठिकाणी रेंज आणि एकक एकच आहे याची खात्री कागदावर करणे प्रत्यक्ष यंत्रावर शोधण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

ऑफिसचे नेटवर्क या तक्त्यात कोठेही थेट येऊ देऊ नये. कार्यकारी संचालकांना त्यांच्या खोलीत गाळपाचे आकडे हवे असतील, तर त्यांची प्रत फायरवॉलपलीकडच्या वेगळ्या संगणकावर ठेवावी आणि ऑफिसने ती तेथून वाचावी. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅममुळे जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. नेटवर्कवरील एका संगणकातून चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे दुसऱ्या संगणकात शिरणे ही त्याच्या पसरण्याची एक रीत होती. सर्व संगणकांवर प्रशासकाचा एकच पासवर्ड ठेवण्याची आपल्याकडची सवय अशा वेळी फार महागात पडते.

केबल आणि स्विच

येथे फार सांगण्यासारखे नाही. तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, त्यापुढे फायबर टाकावे. मिल हाउसमधील व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, पॉवर केबलच्या ट्रेमधून नेटवर्कची केबल नेऊ नये. स्विच आणि नेटवर्क कार्ड दोन्हींचा वेग आपोआप ठरू द्यावा. एका बाजूला वेग हाताने ठरवला आणि दुसरी बाजू आपोआपवर राहिली की पिंग चालते, पण चित्रे रांगत येतात. जोडल्यावर अर्धा तास सलग पिंग, म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारी आज्ञा, चालू ठेवावे. स्थानिक नेटवर्कवर उत्तर साधारण १ मिलिसेकंदाच्या आत यावे आणि एकही पॅकेट हरवू नये.

संगणकाची तयारी

घरच्या वापरासाठी योग्य असलेल्या विंडोजच्या अनेक सवयी कंट्रोल रूममध्ये अपायकारक ठरतात. स्लीप, हायबरनेट आणि वीज वाचवण्यासाठी नेटवर्क कार्ड बंद करण्याची सोय बंद करावी. विंडोजची अद्यतने आपोआप येऊन संगणक पुन्हा सुरू होणार नाही अशी व्यवस्था करावी, मात्र याचा अर्थ अद्यतने टाकूच नयेत असा नव्हे. नियंत्रण प्रणालीच्या उत्पादकाने मान्य केलेली अद्यतने ठरलेल्या दिवशी, आधी राखीव सर्व्हरवर आणि एका स्टेशनवर, आणि ती चालल्याचे पाहून इतरत्र टाकावीत. पेन ड्राइव्हसाठीचे पोर्ट बंद ठेवावेत.

घड्याळाचा विषय मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ट्रिपनंतर होणारी सर्व चर्चा त्यावर उभी असते. आयडी फॅन (भट्टीतील धूर ओढून घेणारा पंखा) आधी थांबला की भट्टीचा दाब आधी वाढला हे ठरवताना दोन यंत्रांच्या घड्याळांत चार सेकंदांचा फरक असेल, तर निष्कर्ष उलटा निघू शकतो. सर्व यंत्रांनी एनटीपी या घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने, म्हणजे यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून (येथे पोर्ट म्हणजे संगणकावरील क्रमांकित दार, स्विचवरचे भोक नव्हे), एकाच स्रोताकडून वेळ घ्यावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी, अथवा तिच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, मेळात ठेवायची आहेत आणि नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. नियंत्रण नेटवर्क इंटरनेटला जोडलेले नसल्याने मधल्या फायरवॉलजवळ एक वेळ-सर्व्हर ठेवून प्लँटमधील सर्व यंत्रांना त्याच्याकडून वेळ द्यावी. टाइम झोनही पाहावा. ओपीसी यूए, म्हणजे ओपीसीची नवी पद्धत, सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत पाठवते आणि स्टेशन त्यांचे भारतीय वेळेत रूपांतर करते, त्यामुळे ट्रेंड, म्हणजे मूल्यांचा वेळेनुसार आलेख, बरोबर साडेपाच तास मागे दिसत असेल तर दोष सर्व्हरचा नसून बहुधा त्या स्टेशनच्या टाइम झोनचा असतो.

वापरकर्त्यांची खाती दोन प्रकारची करावीत. विंडोज ज्या खात्याखाली स्टेशनचा प्रोग्रॅम चालवते ते खाते प्रशासकाचे नसावे. त्याचा पासवर्ड लांब असावा, पण ठरावीक दिवसांनी आपोआप बाद होणारा नसावा. मी पाहिलेल्या एका कारखान्यात हा नियम राहून गेला होता. ४२ दिवस पूर्ण झाले त्या रात्री पाळी सुरू असताना संगणक पुन्हा चालू केल्यावर तो नवा पासवर्ड मागू लागला आणि ऑपरेटर जवळजवळ पाऊण तास शेजारच्या एकाच स्टेशनवर बॉयलर आणि मिल दोन्ही सांभाळत होता. दुसऱ्या प्रकारची खाती माणसांची, म्हणजे ऑपरेटर, शिफ्ट इंजिनिअर आणि इन्स्ट्रुमेंट अभियंता यांची. ती नियंत्रण प्रणालीच्या आत असतात आणि पाळी बदलताना तीच बदलतात.

जुने ओपीसी की नवे

ओपीसीचे पहिले विनिर्देश १९९६ मध्ये आले आणि ते विंडोजच्या डीकॉम या, एका संगणकावरील प्रोग्रॅमला दुसऱ्यावरील प्रोग्रॅमशी बोलू देणाऱ्या, यंत्रणेवर उभे होते. ही यंत्रणा प्रथम १३५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलते आणि मग ४९१५२ ते ६५५३५ यांमधील कोणतेही पोर्ट निवडते, त्यामुळे फायरवॉलमध्ये नेमके किती दार उघडावे हाच प्रश्न पडतो. घाईत लोक फायरवॉलच बंद करतात आणि डीकॉमच्या परवानग्यांमध्ये सर्वांना सर्व काही देऊन मोकळे होतात. कृपया तसे करू नये.

जुनी जोडणी अचानक बंद पडण्याचे एक अलीकडचे कारणही माहीत असावे. मायक्रोसॉफ्टने डीकॉमची सुरक्षा टप्प्याटप्प्याने कडक केली आणि १४ मार्च २०२३ च्या अद्यतनापासून ती सैल करण्याची सोयच राहिली नाही. सर्व्हरच्या सिस्टीम इव्हेंट लॉगमध्ये १००३६ क्रमांकाची नोंद दिसली, तर समोरचे स्टेशन जुन्या, कमी सुरक्षित पातळीवर बोलू पाहत आहे असे समजावे. त्या नोंदीत स्टेशनचा पत्ताही लिहिलेला असतो. त्यावर उपाय म्हणजे स्टेशनवरील सॉफ्टवेअर अद्ययावत करणे. अद्यतन काढून टाकणे हा उपाय नव्हे.

नवी जोडणी करताना निवडीस वाव असेल, तर माझे मत निःसंशय ओपीसी यूएच्या बाजूने आहे. ते डीकॉमवर अवलंबून नाही, सर्व्हरवरचे एकच टीसीपी पोर्ट त्याला पुरते आणि दोन्ही बाजू एकमेकींची ओळख प्रमाणपत्राने पटवतात. त्यासाठी नोंदलेले पोर्ट ४८४० आहे, तथापि अनेक उत्पादने आपापले वेगळे पोर्ट वापरतात, म्हणून सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पाहूनच फायरवॉलचा नियम लिहावा.

ओपीसी यूएने प्रत्यक्ष जोडणी

आधी स्टेशनवरून सर्व्हरला त्याच्या नावाने पिंग करावे, केवळ पत्त्याने नव्हे. स्टेशनने चौकशी केल्यावर सर्व्हर आपला जो पत्ता परत कळवतो त्यात बहुधा त्याचे नाव असते आणि स्टेशनला ते नाव ओळखता आले नाही तर सर्व्हर यादीत दिसतो पण जोडला जात नाही. नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ येथे जातो. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, नसेल तर प्रत्येक स्टेशनच्या होस्ट्स फाइलमध्ये (विंडोजमधील नावे आणि पत्ते यांच्या यादीत) दोन्ही सर्व्हरची नावे स्टेशनांच्या बाजूच्या पत्त्यांसह लिहावीत. पीएलसीच्या बाजूचा पत्ता चुकून लिहिला गेला तर जोडणी होत नाही.

त्यानंतर पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने सर्व्हरचे ते पोर्ट उघडे आहे का हे पाहावे. पिंग यशस्वी होणे म्हणजे यंत्र जिवंत असणे एवढेच, पोर्ट उघडे असल्याची ती खूण नव्हे.

मग स्टेशनच्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरचा पत्ता देऊन सुरक्षेची पातळी निवडावी. सर्व्हर साधारणतः तीन पर्याय देतो: कोणतीही सुरक्षा नाही, केवळ स्वाक्षरी, आणि स्वाक्षरीसह कूटबद्ध. तिसरा पर्याय आणि बेसिक-२५६-शा-२५६ किंवा त्याहून नवे धोरण निवडावे. पहिला प्रयत्न फसेल आणि तो फसलाच पाहिजे, कारण सर्व्हरने या स्टेशनचे प्रमाणपत्र अद्याप पाहिलेले नसते. सर्व्हर ते नाकारलेल्या प्रमाणपत्रांच्या कप्प्यात ठेवतो. तेथे जाऊन प्रमाणपत्रावरील यंत्राचे नाव आणि बोटठसा (प्रमाणपत्राची ओळख पटवणारी अक्षर-अंकांची मालिका) स्टेशनवरच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहावा आणि जुळल्यास ते विश्वसनीय यादीत हलवावे. हीच कृती स्टेशनच्या बाजूने सर्व्हरच्या प्रमाणपत्रासाठी करावी आणि राखीव सर्व्हरसाठीही विसरू नये. सर्व प्रमाणपत्रे आपोआप स्वीकारण्याची सोय बहुतेक उत्पादनांत असते. ती चाचणीपुरती चालू केली जाते आणि तशीच वर्षानुवर्षे राहते, म्हणून ती मुळातच वापरू नये.

एक स्टेशन तयार करून त्याची हुबेहूब प्रत इतर तीन संगणकांवर उतरवण्याची पद्धत चांगली आहे आणि वेळही वाचवते, पण प्रतीबरोबर मूळ यंत्राचे प्रमाणपत्रही येते. प्रत्येक प्रतीचे नाव आणि पत्ता बदलून जुने प्रमाणपत्र काढावे आणि नवे तयार करावे, नाहीतर नाव आणि प्रमाणपत्र जुळत नाहीत आणि चार स्टेशने एकच ओळख सांगत सर्व्हरकडे येतात.

जोडणी झाल्यावर स्टेशन सर्व्हरकडील टॅगचे वर्गणीदार होते, म्हणजे मूल्य बदलले की सर्व्हर स्वतःहून कळवतो. ड्रमची पातळी आणि भट्टीचा दाब यांना एक सेकंदाचा कालावधी पुरेसा असतो. मळी साठवण टाकीच्या पातळीला दहा सेकंदही चालतात. सर्वच टॅग शंभर मिलिसेकंदांवर ठेवल्याने ऑपरेटरला अधिक काही दिसत नाही, सर्व्हर मात्र दमतो.

लिहिण्याचा अधिकार

वाचणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि दुसरी परवानगी सर्व्हरवर ठरवावी, पडद्यावरचे बटण लपवून नव्हे. बॉयलरच्या स्टेशनवरून मिलचा वेग बदलता येण्याची गरज नसेल तर तो अधिकार देऊ नये. ऑपरेटरला सेटपॉइंट, ऑटो-मॅन्युअल आणि चालू-बंद एवढे पुरते. पीआयडीचे, म्हणजे आपोआप नियंत्रणाच्या गणिताचे, गुणांक शिफ्ट इंजिनिअरकडे आणि अलार्मच्या मर्यादा अभियंत्याकडे असाव्यात. प्रत्येक बदल कोणी, कोठून, किती वाजता केला याची नोंद सर्व्हरवर होत असल्याचे एक सेटपॉइंट बदलून तपासावे.

चाचणी

ओपीसीमध्ये प्रत्येक मूल्यासोबत दोन गोष्टी येतात: ते केव्हाचे आहे ती वेळ आणि ते चांगले, शंकास्पद की वाईट हे सांगणारी प्रत, म्हणजे दर्जा. अनेक पडद्यांवर फक्त आकडा दाखवलेला असतो आणि या दोन गोष्टी टाकून दिलेल्या असतात. एका हंगामात सिरप टाकीची पातळी ६२ टक्क्यांवर स्थिर दिसत होती. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, आकडा हलत नाही," आणि आम्ही ट्रान्समीटरकडे माणूस पाठवला. प्रत्यक्षात स्टेशनचा प्रोग्रॅम गोठला होता, ट्रान्समीटर ठीक होता आणि माणूस पोहोचेपर्यंत टाकी ओसंडली. त्या ऑपरेटरने वेळीच सांगितले होते. पडद्याने सांगायला हवे होते, ते त्याने सांगितले नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक जोडणीत एक ठोका ठेवतो. प्रत्येक पीएलसीत दर सेकंदाला एकने वाढणारा एक अंक असतो, तो प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो आणि पाच सेकंद वाढला नाही तर त्या विभागाचे सर्व आकडे राखाडी होतात. हे काम पडद्याच्या त्याच प्रोग्रॅमवर सोडले तर प्रोग्रॅम गोठल्यावर ठोकाही गोठतो, म्हणून तोच अंक उलट दिशेने स्टेशनकडून सर्व्हरलाही पाठवावा, जेणेकरून एक स्टेशन गोठल्याचा अलार्म दुसऱ्या स्टेशनवर वाजेल.

यानंतर लूप चेक, म्हणजे ट्रान्समीटरपासून पडद्यापर्यंतच्या संपूर्ण साखळीची तपासणी, करावा. शेतातील, म्हणजे प्रत्यक्ष प्लँटमधील, ट्रान्समीटरच्या जागी ४, १२ आणि २० मिलिअँपिअर देऊन चारही स्टेशनांवर ०, ५० आणि १०० टक्के दिसतात का हे दोन माणसांनी वॉकी-टॉकीवर बोलून पाहावे. मग तार काढावी. आकडा शून्यावर येऊन स्वस्थ बसला तर काम अपुरे आहे, तो वाईट प्रतीचा म्हणून ठळक दिसला पाहिजे. एका स्टेशनवर अलार्म स्वीकारला की तो इतर स्टेशनांवरही स्वीकारलेला दिसतो का हेही याच वेळी पाहावे.

शेवटी मुद्दाम बिघाड करावेत. चालू सर्व्हरची केबल उपसावी आणि राखीव सर्व्हरवर स्टेशने किती सेकंदांत जातात ते घड्याळ लावून लिहावे. पुन्हा जोडल्यावर जुना सर्व्हर मधल्या काळातील ट्रेंड भरून घेतो का ते पाहावे. स्विचची वीज घालवावी. स्टेशनचा यूपीएस बंद करावा आणि संगणक कोणाच्याही मदतीशिवाय, पासवर्ड न विचारता, ऑपरेटरच्या चित्रापर्यंत येतो का ते पाहावे. या चाचण्या बॉयलर थंड असतानाच करायच्या आहेत आणि त्या वेळी पाळीतील ऑपरेटरला शेजारी बसवावे, कारण राखाडी आकडे पाहिल्यावर कोणाला हाक मारायची आणि बॉयलरवर कोणी धावायचे हे त्याने एकदा करून पाहिलेले असले पाहिजे.

सर्व जुळल्यावर प्रत्येक स्टेशनची आणि दोन्ही सर्व्हरची पूर्ण प्रत नेटवर्कपासून वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि पहिल्या तक्त्यात प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख लिहून ती गाळप हंगामात पडत असल्यास प्रमाणपत्र आत्ताच नव्याने करावे. एका सुट्या संगणकावर यांपैकी एका स्टेशनची प्रत उतरवून, त्याला स्वतःचे नाव आणि स्वतःचे प्रमाणपत्र देऊन तो प्रत्यक्ष जोडावा आणि त्याच्या पडद्यावर तिन्ही पीएलसींचे ठोके चालू दिसले की मगच तो कपाटात ठेवावा.